बिनगिऱ्हाइकाचा बर्फ

१

खोलीला दोन कुलपं होती. दोन्ही शाबूत होती, दोन्ही लावलेली होती, आणि आतला लोखंडी पाइपाचा तुकडा मात्र नाहीसा झाला होता.

तुकडा काही खिशात घालून न्यावा असा नव्हता. दीड हात लांब, मांडीएवढा जाड, ताडपत्रीत गुंडाळून तारेने आवळलेला, आणि तारेच्या गाठींवर चौकशी आयोगाची शिशाची सीलं. उचलायला दोन धट्टेकट्टे पुरुष लागत, तेही मध्ये एकदा खाली ठेवून.

खोली बर्फाच्या कारखान्यात होती. एका कुलपाची किल्ली मासेमारी सोसायटीच्या अध्यक्ष मावशींच्या गळ्यात, दुसऱ्याची त्यांच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे सोसायटीच्या वकिलांच्या खिशात. एकट्याने कुणी उघडायचं नाही, असा करार. त्या सकाळी दोघांनी मिळून दार उघडलं, आणि मावशी उंबऱ्यातच मटकन बसल्या.

बसणारच. खाडीखालून जाणारा तेलाचा पाइप फुटल्यापासून गावातली एकही होडी पाण्यात गेली नव्हती. पाण्यावर काळी साय, वाळूला चिकट लेप, आणि जाळी धुवायला काढली तर धुणाऱ्याचेच हात धुवायची वेळ. नुकसानभरपाई मागितली तेव्हा मोठ्या तेल कंपनीने फार नम्रपणे सांगितलं, की पाइप आमचा नाहीच. तो आम्ही केव्हाच एका छोट्या कंपनीला विकला. तिच्याकडे मागा. छोट्या कंपनीची मालमत्ता शोधली तेव्हा एका जिन्याखाली एक टेबल आणि एक खुर्ची सापडली. खुर्चीचा एक पाय मोडका होता.

मोठ्या कंपनीला धरायचं तर तो फुटलेला तुकडाच हवा होता; पाइप खरा कुणाचा, याची खूण असली तर त्यावरच असणार होती. आयोगासमोर तो परवा उघडायचा होता.

“गेला,” मावशी म्हणाल्या. “सगळ्या गावाची चूल गेली.”

२

दुपारी आयोगाने चोरीच्या तपासाला पाठवलेली गाडी कारखान्यापुढे थांबली. चालवत होते ‘मिस्टर’ आणि शेजारी बसल्या होत्या वजाबाई.

वजाबाई हे नाव त्यांना विमा कंपन्यांच्या गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. बाईंनी सारा जन्म नुकसानीची तपासणी करण्यात घालवला. जळालेलं दुकान असो की बुडालेलं गोदाम, त्या जायच्या, बघायच्या, आणि मागितलेल्या आकड्यातून काही ना काही वजा करून यायच्या. एका व्यापाऱ्याने आगीत गेलेले म्हणून पुष्कळ गालिचे दाखवले होते. बाईंनी राखेत बोट घालून विचारलं होतं, “गालिचे जळले, मग त्यांच्याखालची फरशी काळी कशी झाली?” व्यापारी अजून त्यांच्या नावाने बोटं मोडतो.

आयोगाने नुकसान मोजायला बाईंना नेमलं तेव्हा सगळ्यात आधी संमती दिली ती मोठ्या कंपनीने. कापाकापी करणारी बाई आली म्हणून तिकडे म्हणे पेढे वाटायचेच बाकी राहिले होते.

मिस्टर हे बाईंचे मिस्टर. टपाल खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले. पण जिथे जातील तिथे “हे वजाबाईंचे मिस्टर” अशी ओळख होत होत तेवढंच शिल्लक उरलं होतं. त्यांचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. इतक्या वर्षांत ही बाई आपल्याला कधी कंटाळवाणी वाटली नाही, हा हिशेब त्यांनी मनाशी केव्हाच जुळवून ठेवला होता.

बाईंनी कुलपांकडे पाहिलंही नाही. दाराच्या दुसऱ्या अंगाला गेल्या आणि बिजागऱ्यांवर बोट फिरवलं.

“अहो, रुमाल द्या.”

रुमालावर पिवळसर डाग उमटला.

“या गावात तेलाला तोटा नाही,” मिस्टर म्हणाले.

“ते काळं. हे स्वच्छ आहे. यंत्राचं.” बाईंनी रुमाल घडी करून पर्समध्ये ठेवला. “बाकी सगळं लोखंड गंजलंय आणि बिजागऱ्यांच्या खिळ्या वंगण लावल्यासारख्या चकचकीत. कुलूप कशाला फोडायचं? खिळ्या काढल्या, दार कुलपांसकट बाजूला सरकवलं, काम झालं की परत बसवलं.”

“पण वजन?”

बाईंनी नुसतं वर बोट दाखवलं. दारावरूनच लोखंडी रूळ गेला होता आणि त्याला साखळीची कप्पी लटकत होती. बर्फाच्या लाद्या उचलायची.

“म्हणजे एकटा माणूससुद्धा,” मिस्टर पुटपुटले.

“एकटा. आणि कारखान्याची ओळख असलेला.” बाई वळल्या. “चहा मिळतो का बघा. मला चार माणसांशी बोलायचंय, आणि चौघंही एकाच घरातली आहेत.”

३

पहिल्या मावशी. पदराने डोळे पुसून झाल्यावर त्या सरळ बसल्या. बाईंनी प्रत्येकाला विचारायचा म्हणून एक प्रश्न ठेवला होता, तो त्यांनाच पहिल्यांदा विचारला.

“गुंडाळायच्या आधी तुम्ही तो तुकडा पाहिलात ना? त्यावर काय होतं?”

“कडं होतं एक. लोखंडाचं. बैलाच्या पायात घालावं तसं, पण रुंद. डांबराने माखलेलं.”

“अजून कुणी पाहिलं?”

“आम्ही चौघांनीच. जावयाने पाण्यातून काढला, माझे दीर आणि भाऊ होते, आणि मी. भाऊच म्हणाला, आधी गुंडाळा, कुणाला दाखवू नका. आयोगाचा माणूस सील मारायला आला तेव्हा ताडपत्री बांधून झाली होती.” मग त्यांचा आवाज कडक झाला. “तुम्ही जावयाला विचारा. कंपनीच्या पगारावर आहे तो.”

जावईबापू किनाऱ्यावर सापडले. कंपनीने वाळू उपसायला लावलेल्या मजुरांत ते मुकादम होते. डोळे लाल, हातावर पुरळ. पाणबुड्याचं काम करणारा हा माणूस, सासूने बोलणं टाकलेलं असल्यामुळे परक्यांशीसुद्धा जपून बोलत होता.

“पगार घेतो, खोटं कशाला बोलू. घरात बाळ येणार आहे. सासूबाई म्हणतात उपाशी राहा पण त्यांचं घेऊ नका. त्यांच्या घरात तांदूळ आहे म्हणून म्हणतात.”

“तुकड्यावर काय होतं?”

“क्लिप. पाइपाला आवळलेली. पाण्याखाली हाताला आधी तीच लागली. तिच्यावर अक्षरं उठावाची आहेत, बोटांना जाणवली. वाचता नाही आली, डांबर होतं.” तो थांबला. “तुकडा मी काढलाय, बाई. तेलातून पोहून. तो मी कशाला चोरू?”

“तुम्ही चोरलाय असं मी कुठे म्हटलं?”

“सगळे म्हणतात. तुम्ही राहिला होतात.”

परत येताना मिस्टर म्हणाले, “मला तर बिचारा खरा वाटला.”

“तुम्हाला सगळेच खरे वाटतात. म्हणून तर तुम्हाला मी गाडी चालवायला ठेवलंय.”

४

तिसरे मावशींचे दीर, कारखान्याचे मालक. गाव त्यांना ‘गारकाका’ म्हणे, आणि त्याचा अर्थ फक्त बर्फाशी नव्हता. हा माणूस पाहुणा खुर्चीतून उठला की पंखा बंद करायचा, आणि पाहुणा बसला तरी पंखा लावावा की नाही याचा बराच वेळ विचार करायचा. आताही त्यांच्या ऑफिसात वजाबाई घाम पुसत होत्या आणि काकांचा हात बटणाकडे जात नव्हता.

“तुकड्यावर काय होतं?”

“पट्टी. जखमेला बांधतात ना, तशी. लोखंडाची.” काका जपून शब्द टाकत होते, जणू प्रत्येकाचं भाडं पडत होतं. “माझ्या मते पाइप आधीच गळत होता. कुणीतरी पट्टी बांधून गेलं. म्हणजे कुणाला तरी माहीत होतं.”

“तुमच्या कारखान्यातून तुकडा जातो आणि तुम्हाला पत्ता नाही?”

“कारखाना बंद आहे. होड्या नाहीत, मासळी नाही, बर्फ कुणाला विकू?”

मागच्या भिंतीतून एकसारखी घरघर येत होती. टेबलावरचा पेला बारीक थरथरत होता.

“हा आवाज कसला?”

“कॉम्प्रेसर,” काका म्हणाले. आणि मग, जरा उशिराने, “यंत्र फार दिवस बंद ठेवलं की अडकतं.”

बाई आत गेल्या. मिठाच्या पाण्याचा हौद, त्यावर फळ्यांची झाकणं, झाकणांखाली बर्फाचे डबे. एका कोपऱ्यातली फळी बाकीच्यांपेक्षा ओली होती. मिस्टरांनी ती पाहिली, बाईंनी ती पाहिली हे पाहिलं, आणि फळी उचलायला हात पुढे केला.

“असू द्या,” बाई म्हणाल्या.

“अहो, पण—”

“असू द्या म्हटलं ना. काका, तुमचा पंखा तेवढा लावा. बटण मला सापडत नाही.”

काकांनी पंखा लावला. नाइलाजाने.

५

चौथे वकीलसाहेब. बहिणीने मासळीच्या टोपल्या डोक्यावर वाहून त्यांना शिकवलं, आणि त्याची जाणीव त्यांनी ठेवली होती, असं सगळे सांगत. माणूस गोड. बोलताना उपमा अशा पेरायचा, की पक्षकार आपली हरलेली केससुद्धा कौतुकाने ऐकून घरी जात.

“तुकड्यावर काय होतं म्हणता? कंबरपट्टा! मी तर त्याला कंबरपट्टाच म्हणतो. एखाद्या नटीच्या कमरेला शोभावा असा. बाकी कुणी काहीही म्हणो, मला उपमा सुचली की सुचली.” ते हसले, मग चेहरा पडला. “आता कसला कंबरपट्टा न् काय. पुरावाच गेला. ताईला मी समजावतोय, कंपनी देईल ते घेऊन मोकळे होऊ. थोडं देतील, पण लगेच देतील. खटला चालवायचा तर नातवंडांच्या लग्नापर्यंत चालेल.”

“देऊ म्हणतात का ते?”

“म्हणजे… म्हणतीलसं वाटतं.”

त्यांचं दुःख खरं होतं. मिस्टरांना ते स्पष्ट दिसलं, आणि या खेपेला बाईंनीही मान डोलावली. चोरी झाली हे कळल्यावर वकिलांना झालेला धक्का नाटकी नव्हता. मग चोर कोण? जावई खरा, मावशी खऱ्या, वकील खरे. उरले गारकाका. पण सुनावणी जिंकली तर सगळ्यात आधी ज्याचा बर्फ विकला जाणार, तो माणूस पुरावा कशाला पळवेल?

मिस्टरांनी हे सगळं गाडीत बोलून दाखवलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

“वजाबाकी बरोबर केलीत. फक्त एक प्रश्न चुकीचा धरलात.”

“कुठला?”

“तुम्ही विचारताय, पुरावा कुणी पळवला. मी विचारतेय, कुणापासून पळवला.”

६

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या पायांनी चालत आलं. कंपनीचे जनसंपर्क अधिकारी विश्रामगृहात वजाबाईंना भेटायला आले. इस्त्री अशी, की बसताना कपड्याचा आवाज व्हावा.

“आम्हाला कळलं, फार वाईट झालं. चोऱ्यामाऱ्या होतात. पण मॅडम, तुमचा लौकिक आम्ही ऐकून आहोत. फुगवलेले आकडे तुम्ही बरोबर खाली आणता.”

“आणते.”

“मग या लोकांचे आकडे बघा जरा. होडी नवी दाखवतात, जाळं नवं दाखवतात.”

“दाखवतात. त्यातलं बरंच मी कापलंय.” बाईंनी त्यांच्यापुढे चहा सरकवला. “पण तुमचंही एक कापावं लागेल. पाइप आमचा नाही, हे.”

अधिकारी मोकळेपणाने हसले. “कागद आहेत, मॅडम. विक्री झालेली आहे. एका कंबरपट्ट्यावरून एवढा जुना व्यवहार कसा मोडेल?”

मिस्टरांनी बशी खाली ठेवली. बाईंनी शांतपणे चहा ढवळला. चहात साखर नव्हती. त्या साखर घेतच नसत.

अधिकारी गेल्यावर मिस्टर म्हणाले, “कंपनीच्या माणसाने तो तुकडा कधी पाहिलेला नाही.”

“नाही.”

“सोसायटीच्या अर्जात नुसतं ‘फुटलेला तुकडा’ असं लिहिलंय.”

“तेवढंच.”

“आणि सासूचं ते कडं, जावयाची क्लिप, दिराची पट्टी. कंबरपट्टा म्हणणारा माणूस एकच.”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की मिस्टरांना टपाल खात्यात बढती मिळाली होती तेव्हापेक्षा बरं वाटायचं.

“गाडी काढा,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांना कारखान्यात बोलवा. काकांना म्हणावं, पंखा आधीच लावून ठेवा.”

७

सगळे आले. मावशी खुर्चीवर, वकील त्यांच्या पाठीशी, जावई दाराजवळ, काका कप्पीखाली.

“मावशी,” वजाबाई म्हणाल्या, “एक चिक्कू माणूस गिऱ्हाईक नसताना बर्फ बनवतोय. पंखा लावायला ज्याचा हात उठत नाही, तो कॉम्प्रेसर चालू ठेवतो. हे काही हिशेबात बसेना. काका, बर्फ कुणासाठी?”

काकांनी कोपऱ्यातली ओली फळी बाजूला केली. मग त्यांनी साखळी ओढली. डबा वर आला, पाण्यात बुडवून सैल केला, आणि लादी लाकडी पाटावर निसटली. कडेला काचेसारखी, आत पांढरी, आणि पांढऱ्याच्या पोटात काळसर ताडपत्री. कडेच्या बर्फातून शिशाची सीलं दिसत होती. एकही तुटलेलं नव्हतं.

मावशी उठून उभ्या राहिल्या. “भावोजी, तुम्ही?”

“मी.” काकांनी हात पुसले. “तुमचे बंधू माझ्याकडे आले होते. सहज विचारावं तसं विचारलं, की या दाराच्या बिजागऱ्या निघतात का. मी म्हटलं, नाही निघत. मग मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी भरदुपारी सगळे किनाऱ्यावर होते, तेव्हा मीच काढल्या.”

“मग मला सांगायचं.”

“कसं सांगू वहिनी? दिराने येऊन सांगायचं, की तुमचा माहेरचा भाऊ फितला आहे? तुम्ही काय म्हणाला असता?”

मावशी काय म्हणाल्या असत्या हे तिथे सगळ्यांना माहीत होतं.

वकिलांनी उपमा शोधली नाही. “बिजागऱ्यांचं नुसतं विचारलं म्हणून मी चोर?”

“चोर नाही,” वजाबाई म्हणाल्या. “चोरी काकांनीच केली. पण कंपनीच्या साहेबांनी आज सकाळी मला त्या वस्तूचं नाव सांगितलं. कंबरपट्टा. हा शब्द त्यांना कुणी दिला?”

वकील बहिणीकडे वळले.

“ताई,” वकील शेवटी म्हणाले, “ते सगळ्यांना पैसे देत होते. थोडे, पण याच महिन्यात. फक्त तुकडा परत मागत होते. मला नोकरी देतो म्हणाले, हेही खरं. पण मी गावाचाच विचार—”

“भाऊ,” मावशी हळू म्हणाल्या, “थोड्यात विकायचं होतं, तर मला विचारायचं. मी रोज बाजारात थोड्यातच विकत आले. पण विकताना गिऱ्हाइकाला तोंडावर भाव सांगितला.” त्यांनी हात पुढे केला. “किल्ली दे.”

किल्ली दिली. मावशींनी ती आपल्या गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

“उद्या तू येऊ नकोस. मी बोलेन.” मग दाराकडे वळून, पहिल्यांदाच, “जावईबापू, घरी जेवायला या. मुलीला घेऊन या.”

८

सुनावणीच्या सभागृहात लादी हातगाडीवरून आली. कंपनीच्या वकिलांनी फरशी ओली होते म्हणून हरकत घेतली. आयोगाच्या अध्यक्षांनी शिपायाला बादली आणायला सांगितलं.

मग सगळे बर्फ वितळायची वाट बघत बसले. आयोग, कंपनी, सोसायटी, वार्ताहर. सीलं बर्फाच्या पोटात कोरीच राहिली होती, त्यामुळे तुकडा बदलला असं म्हणायची कुणाला सोय उरली नाही. ताडपत्री उघडली, जावयाने चिंधीने डांबर पुसलं, आणि उठावाची अक्षरं वर आली. मोठ्या कंपनीच्या स्वतःच्या कार्यशाळेचा ठसा, आणि त्याखाली साल. पाइप ‘विकला’ त्याच्या पुढच्या वर्षाचं.

“विकलेल्या पाइपाला पट्टी बांधायला तुम्ही का गेला होता?” मावशींनी विचारलं. “आणि गळतोय हे कळल्यावर आम्हाला का नाही सांगितलं?”

इस्त्रीच्या कपड्यांचा आवाज झाला. मिस्टरांना वाटलं, अख्खा कायदा शिकून कुणी याहून नेमका प्रश्न विचारला नसता.

आयोगाने पाइप मोठ्या कंपनीचाच धरला, आणि खाडीचं नुकसान तिच्याच तिजोरीतून भरायला लावलं. पैसे द्यायला कंपनीने त्यानंतरही बरीच कुरकुर केली; पण आता कुरकुर जिन्याखालच्या खुर्चीवर बसून करता येत नव्हती.

आकडे नक्की करायचं काम वजाबाईंचं. त्यांनी नव्या दाखवलेल्या जुन्या होड्या कापल्या, तशी जुन्या जाळ्यांची कमी धरलेली किंमत वाढवलीही. शेवटी गारकाका आपला कागद घेऊन आले. कॉम्प्रेसरचं वीजबिल.

बाईंनी ते वाचलं. खोलीतले सगळे त्यांच्या पेनाकडे बघायला लागले. आयुष्यात या बाईने काही न कापता कागद परत दिला नव्हता.

“मंजूर,” त्या म्हणाल्या, आणि काकांचा चेहरा उजळायच्या आत त्यांनी एक रेघ मारली. “पंख्याचे फक्त वजा केलेत. तो मी लावायला सांगितला होता. ते माझ्याकडून घ्या.”

त्यांनी पर्स उघडली. मिस्टरांनी आधीच सुटे काढून ठेवले होते.